मधला फेरा

"थांब, थांब! पिन लावू नकोस!"

नाना इतक्या जोरात ओरडले की मी गॅसवरचं दूध तसंच सोडून मागं वळले. शर्वरीचा हात भिंतीतल्या सॉकेटपाशी थबकला होता. ओट्यावर तिनं अमेरिकेहून आणलेलं पाव करायचं मशीन मांडलं होतं. पांढरं, बोजड, वर काचेची खिडकी असलेलं झाकण. आमच्या स्वयंपाकघरात ते अवघडून बसलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं.

"अगं, तिकडचं ना हे? एकशे दहा व्होल्टवर चालणारं. आपल्याकडं दोनशे तीस. लावलं असतंस तर धूर निघाला असता त्यातनं."

"विसरलेच मी, नाना," शर्वरी म्हणाली आणि हसली. पण ते हसू ओठांच्या वर काही गेलं नाही.

शर्वरी म्हणजे माझी आणि नानांची सून, आमच्या सारंगची बायको. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा ती दोघं न्यू जर्सीला राहायची. सारंग कॉम्प्युटरच्या नोकरीत, आणि ही घरी. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला त्या वेळी तिथं नोकरी करता येत नसे. आदल्या दिवशी दुपारी ती एकटीच पुण्याहून एसटीनं फलटणला उतरली आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन रिक्षानं घरी आली. आम्हाला फोन आला तो ती पुण्यात पोचल्यावर. "पंधरा दिवसांसाठी आलेय, अचानक ठरलं," एवढंच म्हणाली. सारंगला रजा नाही, हे मी विचारल्यावर सांगितलं. सारंग दर रविवारी फोन करायचा, पण त्याच्या तोंडून हिच्या येण्याबद्दल चकार शब्द आला नव्हता. मला ते खटकलं. पण लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खोदून विचारू नये म्हणून गप्प राहिले.

सकाळी चहा झाल्यावर तिनंच विषय काढला होता. "आई, आज मी तुम्हाला चीज बेगल करून घालते."

"ते काय असतं?"

"पावच. दिसायला मेदूवड्यासारखा, मधे भोक. आधी पाण्यात उकळायचा आणि मग भाजायचा."

"पाव पाण्यात उकळायचा?" नाना पेपरातनं डोकं वर काढून म्हणाले. "अजब आहे. कर, कर. बघू तरी."

नाना साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागातनं निवृत्त झाले होते. घरात एखादं यंत्र आलं की त्यांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटे. शर्वरीला थांबवून ते लगोलग चप्पल घालून बाहेर पडले, आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या दुकानातनं एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर मागून आणला. येताना डेअरीतनं चीजचा डबाही आणला. स्वतःच्या हातानं जोडणी केली, दोनदा तपासली, आणि मग शर्वरीला म्हणाले, "आता लाव बिनधास्त."

तिनं मशीनच्या भांड्यात आधी कोमट पाणी ओतलं. मग साखर, मीठ, त्यावर मैदा, त्यावर किसलेलं चीज. शेवटी मैद्यात बोटानं खळगा करून त्यात तिकडून आणलेलं यीस्ट घातलं. "इकडचा मैदा जरा मऊ असतो, तिकडचा चिवट. बघू कसं जमतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. बटण दाबल्यावर मशीन आधी घुरघुरलं, मग आतलं पातं गरगर फिरायला लागलं. नाना स्टूल ओढून झाकणाच्या खिडकीपाशीच बसले.

"अहो, टीव्ही आहे का तो?" मी म्हणाले.

"बघ तर खरं. गोळा कसा धरतंय! तुला कणीक मळताना एवढा वेळ लागतो, आणि हे..."

"मग आता माझ्याऐवजी त्यालाच ठेवा कामाला."

शर्वरी मोकळेपणानं हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. म्हटलं, दमली होती पोरगी, बाकी काही नसेल.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला.

"सारंग!" नाना आनंदानं म्हणाले. "अरे, अगदी वेळेवर केलास. तुझी बायको इथं आम्हाला मशीनवर पाव करून घालतेय!"

पलीकडनं तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण नानांचा चेहरा माझ्या समोरच बदलत गेला. "काय?" ते एकदा म्हणाले. मग "थांब जरा," म्हणून फोन कानाला तसाच धरून मागच्या अंगणात गेले.

तिकडं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली असणार. एवढ्या अवेळी तो कधी फोन करत नसे. मी शर्वरीकडं पाहिलं. ती फडकं घेऊन ओटा पुसत होती. एकच जागा पुसत होती. मान वर केली नाही तिनं.

नानांनी मला बाहेर हाक मारली. पाण्याच्या मोटारीजवळ ते उभे होते.

"दोघं वेगळी होणार आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "सारंगचं ठरलंय म्हणे. त्याला..." ते अडखळले. "त्याच्या ऑफिसातली कुणी आहे."

मी मोटारीच्या कठड्यावर बसले.

"तो चार दिवस बाहेरगावी होता. परत आला तर ही घरात नाही. त्याला वाटलं इंदूरला बापाकडं गेली असेल. इथं आलीय हे मघाशी माझ्याच तोंडून कळलं त्याला."

"मग आता?"

"त्यानं वकिलाला आधीच विचारून ठेवलंय. वकील म्हणतो, ती सासरी आली तर तिला घरात राहू देऊ नका. राहिली तर उद्या घरावर हक्क सांगेल. आपल्या दोघांवर केस टाकेल, छळ केला म्हणून. आजच्या आज इंदूरला पाठवा, असं सारंग म्हणतो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? बघतो म्हणालो." त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं मान पुसली. "मागच्या आळीत पोलीस आले होते, आठवतंय ना? त्या म्हातारीला सुनेच्या तक्रारीवरून तोंडावर पदर धरून जीपमध्ये बसावं लागलं होतं. या वयात मला ते झेपायचं नाही. तू बोल तिच्याशी. बाईमाणसानं बोललेलं बरं."

नाना भित्रे नव्हते. कारखान्यात चालू लाईनवर चढलेला माणूस. पण आयुष्यभर कुणाचं बोट आपल्याकडं वळू नये म्हणून जपलेला. त्यांच्या डोळ्यांत अशी भीती मी पहिल्यांदाच पाहिली.  सारंग माझा एकुलता एक. तो चुकला असेल असं मनात यायच्या आधी, तो तिकडं एकटा जागा असेल, जेवला नसेल, हेच आलं.

आतनं मशीनचा पी पी असा आवाज आला. कणीक तयार झाली होती.

मी आत गेले. शर्वरीनं भांड्यातनं गोळा बाहेर काढला होता. पिवळसर, फुगलेला, बोट लावलं की खळी पडून पुन्हा भरून येणारा. मी आमचा रोजचा पोळपाट पुढं केला. तो जुना झालेला, एका पायानं डुगडुगणारा.

"थांबा आई," ती म्हणाली. खोलीत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ओढणी सोडली आणि पोळपाट ओट्यावर ठेवला.

तो मी ओळखला. मीच दिलेला होता. लग्नानंतर ती पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा कऱ्हाडच्या सुताराकडनं मुद्दाम करवून घेतलेला, शिसवाचा, तीन पायांचा. तेव्हा सारंग किती वैतागला होता! "आई, विमानात वजनाला मर्यादा असते. तिकडं सगळं मिळतं." मी ऐकलं नव्हतं. तिच्या साड्यांच्या घडीत कोंबून दिला होता. आता त्याची कड झिजून गुळगुळीत झाली होती.

माणूस पंधरा दिवसांसाठी येतो तेव्हा कपडे आणतो, भेटवस्तू आणतो. मशीनसुद्धा एक वेळ हौसेनं आणेल. पण रोजचा पोळपाट कुणी सातासमुद्रापलीकडून परत आणत नाही. मग तिकडं पोळ्या कशावर लाटणार?

मला जे बोलायला पाठवलं होतं ते मी बाजूला ठेवलं. मी हात धुतले आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

"कसं वळायचं सांग."

तिनं गोळ्याचे भाग केले. एक लांब वळून दोन्ही टोकं जोडून दाखवली.

"अगं, ही तर कडबोळीच की," मी म्हणाले, आणि तिच्याहून भराभर वळायला लागले.

पिठाची चार-पाच कडी वळून झाली. मग तीच म्हणाली, "सांगितलं ना त्यानं?"

"हो."

"मला इंदूरला पाठवा म्हणाला असेल."

मी मान हलवली. "तू तिकडं का नाही गेलीस, शर्वरी? बाबा आहेत, भाऊ आहे. एवढं झाल्यावर मुलगी माहेरी जाते. सासरी येत नाही कुणी."

तिनं हातातलं कडं खाली ठेवलं. "बाबांनी मला दोन दिवस जेवायला घातलं असतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, दिल्या घरची लेक दिल्या घरीच शोभते. आणि स्वतः गाडीत बसवून इथं आणून सोडलं असतं." जरा थांबून ती म्हणाली, "म्हटलं, मधला फेरा वाचवावा."

मला हसू आलं. असल्या वेळी हसू यावं याची लाज वाटली, पण आलं खरं. तीही हसली, आणि हसता हसता तिनं मैदा लागलेल्या मनगटानं डोळे पुसले. गालाला पांढरा पट्टा लागला.

"मला घर नको, आई. केसबीस काही करायची नाही. इथं कुणी मला त्रास दिला? काय म्हणून करू?" ती म्हणाली. "मला फक्त राहायला जागा हवीय. नोकरी मिळेपर्यंत. सहा वर्षं घरात बसलेय, लगेच कुणी घेणार नाही. सहा महिने तरी लागतील. पंधरा दिवस म्हणाले, कारण एकदम सहा महिने म्हणायचा धीर झाला नाही."

"आणि एवढं जड मशीन कशाला उचलून आणलंस?"

"आमच्या शेजारची म्हातारी घर आवरून मुलाकडं निघाली होती. तिनं अंगणात सामान विकायला मांडलं होतं, त्यातलं घेतलं. बेगल करायला पण तिनंच शिकवलं. त्या घरातला सोफा, भांडी, पडदे, सगळं सारंगनं निवडलेलं. मी माझ्या मनानं घेतलेली एवढीच वस्तू होती. ती तिथं सोडून निघाले असते तर मी सहा वर्षं तिथं होते की नव्हते, असं मलाच वाटलं असतं."

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. तिनं त्यात चमचाभर साखर टाकली आणि एकेक कडं अलगद सोडलं. ती बुडाली नाहीत, वर तरंगत राहिली. झाऱ्यानं उलटवून बाहेर काढली, वर चीज पसरलं, आणि आम्ही आमच्या जुन्या गोल ओव्हनमध्ये चार-चार करून लावली. वास सुटला तसे नाना दाराशी आले.

"झालं?" त्यांनी मला विचारलं.

ते बेगलांबद्दल विचारत नव्हते हे आम्हाला तिघांनाही कळत होतं.

"भाजतायत अजून," मी म्हणाले.

मग माझा फोन वाजला. सारंगच होता. मी तिथंच उभी राहून घेतला. बाहेर जायचं मनात आलं नाही.

"आई, निघाली का ती?"

"नाही."

"नानांना सांगितलंय मी सगळं. तू मधे पडू नकोस. तुला यातलं कळत नाही. आज गोड बोलेल, उद्या तुम्हाला कोर्टात ओढेल."

"सारंग, एक विचारते. तुझ्या ऑफिसातली ती, ते खरं आहे?"

"आई, ते इतकं सोपं नसतं."

"हो का नाही, एवढंच सांग."

 ओव्हनची काच धुरकटली होती. शर्वरी पाठमोरी उभी होती, आणि नाना माझ्याकडं बघत होते.

"हो," तो म्हणाला.

"मग ती इथं राहील. तिला नोकरी मिळेपर्यंत."

"म्हणजे मी तुमचा कुणी नाही?"

"तू माझा मुलगा आहेस. म्हणून तर ती माझ्याकडं आली. नाहीतर तिची माझी ओळख कुठली?"

"ठीक आहे," सारंग म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी रुसल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मग मला तिथं फोन करायचं काही कारण नाही."

त्यानं फोन ठेवला. मी तो पदरात धरून तशीच उभी राहिले.

"मला विचारलंस?" नाना म्हणाले.

"नाही."

"घर दोघांचं आहे ना?"

"आहे."

 त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. आम्ही दोघींनी एकेक बेगल खाल्ला. ती म्हणाली, "कसा झालाय?" मी म्हटलं, "चिवट आहे. पण चावत गेलं की चव लागते." 

दिवेलागणीला नाना परत आले. हातपाय धुऊन खुर्चीत बसले. शर्वरीनं ताटलीत दोन बेगल आणि लसणाची चटणी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ताटलीला हात लावला नाही.

"शर्वरी, तोंडावर विचारतो. राग मानू नकोस. उद्या माझ्या दारात पोलीस आले तर?"

"आले तर आधी मी बाहेर येईन, नाना. तुम्ही आतच थांबा. कोणी बोलावलं, कशाला बोलावलं, ते मी त्यांना विचारीन."

नाना तिच्याकडं पाहत राहिले. कारखान्यात नवा माणूस आला की त्याला चालू लाईनवर चढवावं की नाही, हे ठरवताना ते असंच बघत असणार. मग त्यांनी बेगल तोडला, चटणीला लावला, आणि सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. "पुढच्या वेळी बघ."

मी आत जाऊन उगीचच भांडी लावत बसले. चाळीस वर्षांच्या संसारात मला त्यांचं बोलणं कळायला लागलं होतं. पुढच्या वेळी म्हणाले, म्हणजे राहा म्हणाले.

शर्वरी आमच्याकडं गणपती होईपर्यंत राहिली. गल्लीत कुजबुज झाली, नात्यातल्या दोघी-तिघींनी मला शहाणपण शिकवलं. इंदूरहून तिचे बाबा एकदा येऊन गेले, आणि तिला घरच्यासारखं वावरताना बघून काहीशा बुचकळ्यात पडूनच परतले. पोलीस कधी आले नाहीत. कोर्टाचं काम संमतीनं, पुण्यात मिटलं. तिला तिथंच एका कंपनीत नोकरी लागली. आधी पगार थोडा होता, मग वाढला. पुढं तिनं लग्न केलं. नवरा शांत आहे, फार बोलत नाही. ती दोघं सणावाराला येऊन जातात, आणि नानांची ऑपरेशनं, माझे डोळे, हे सगळं तिनंच केलं. हे मी कौतुकानं सांगते असं वाटेल. पण त्याची दुसरी बाजूही घरातच होती, आणि ती सांगितली नाही तर गोष्ट अर्धी राहील.

सारंगनं बोलल्याप्रमाणं केलं. त्याचा फोन आला नाही. रविवारी सकाळी नाना पेपर उघडत, पण पान उलटत नसत. मी केलेला फोन तो उचलत नसे. त्यानं तिकडं लग्न केलं ते आम्हाला दुसऱ्याकडनं समजलं. मुलगी झाली, तेही. नाना मला एकदाही म्हणाले नाहीत की हे तुझ्यामुळं झालं. मला वाटायचं, म्हणावं एकदा, म्हणजे मी भांडेन तरी. मी केलं ते चूक होतं असं मला कधी वाटलं नाही. पण बरोबर केलं म्हणून रविवार सोपे झाले नाहीत.

तिसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी मी व्हरांड्यात तांदूळ निवडत होते. फाटकाचा आवाज झाला. मान वर केली तर सारंग. एकटाच. अंगानं भरलेला, कानाशी केस पिकलेले, हातात लहानशी बॅग. तो पायरीशी येऊन थांबला. वर चढला नाही.

 सूप मांडीवर तसंच.

या घरात तो रांगला होता. याच पायरीवर पडून त्यानं पुढचा दात पाडला होता. शाळेतनं आला की दप्तर फेकत सरळ स्वयंपाकघरापर्यंत पळत जायचा, मी ओरडत राहायचे. तो आता बॅग खाली न ठेवता उभा होता, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"आई, येऊ का?"

एवढं सगळं झालं तेव्हा मी रडले नव्हते. त्या तीन शब्दांनी मात्र माझा धीर सुटला.

"विचारतोस काय? पाय धू आधी," मी म्हणाले, आणि त्याला तोंड दिसू नये म्हणून घाईघाईनं उठून पाणी आणायला आत गेले.